बोहनीची मासोळी

नाण्यांशी माझं कधी पटलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा घरातल्या एकाच कपाटाला कुलूप होतं. आत दागिने असतील, असं मी धरून चालले. काही दिवसांनी नवऱ्यानं मोठ्या कौतुकानं कुलूप काढलं, तर आत काळी पडलेली नाणी, एकेक वेगळ्या कागदी पाकिटात घातलेलं. "चिंच लावून लख्ख करून देऊ का?" असं मी चांगल्या मनानं विचारलं, तर हे असे किंचाळले की शेजारीण हातातली कढई घेऊनच धावत आली. जुन्या नाण्याचा काळेपणा म्हणजे त्याचं वय, तो घासला की नाण्याची किंमत गेली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे मी शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले, पेन्शन सुरू झाली, पण त्या कपाटाला पुन्हा हात लावला नाही.

अशी मी बाई जर्मनीतल्या नाण्यांच्या मेळ्यात व्यापारी म्हणून टेबल मांडून बसले. याला कारण एक मासोळी.

यांचं नागपूरच्या सीताबर्डी बाजारात नाण्यांचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं. दोन कपडेवाल्यांच्या मधली ती फट आहे. एक माणूस आत बसला की दुसऱ्याला आडवं होऊन उभं राहावं लागतं. दर रविवारी सकाळी, बाजार उघडायच्या आधी, शहरातली नाणेवाली मंडळी जवळच्याच एका पोह्यांच्या टपरीवर जमतात. बाकावर बसून झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे खातात आणि मेलेल्या राजांवरून जिवंत माणसांसारखी भांडतात. त्यांच्यात एक वकील साहेब आहेत. वकिली केव्हाच सोडली, उलटतपासणी सुटली नाही.

तर यांचं म्हणणं असं, की नागपूरच्या जुन्या राजांच्या काळात इथल्या टांकसाळीत जे रुपये पडले, त्यातल्या काहींवर मासोळीची खूण होती. यांनी तसा एक रुपया तरुणपणी शहराजवळच्या कन्हानला एका सोनाराकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. सोनार तो वितळवायला निघाला होता. हे सायकलवर पैसे आणायला घरी पळाले, परत येईपर्यंत मासोळी मुशीत गेली. बस, एवढाच पुरावा. ना पुस्तकात नोंद, ना कुणाकडे दुसरा नग.

"भाऊ, मासोळी लखनौच्या नाण्यावर असते," वकील साहेब दर रविवारी न चुकता म्हणत. "नागपूरच्या रुपयावर कुठून येईल? नाग नदीतून?"

नाग नदीत आज जे वाहतं, त्यात डासही नाक दाबून अंडी घालतो. बाक हसून हसून हलायचा. हे मात्र तांबडे होऊन घरी यायचे. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचे, "मी काय खोटं बोलून राहिलो काय वं? माह्या डोळ्यानं पाह्यली मी." मी म्हणायची, "तुम्ही पाहिली असेल हो." पण गणिताच्या बाईचं 'असेल' हे 'आहे' नसतं, आणि ते यांना बरोबर कळायचं. मला वाटायचं, सायकलवरून उन्हातान्हात आलेला पोरगा, पाहिलं असेल काहीतरी. यांचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीपाशी अडकून बसलं होतं, की आपण पाहिलं ते खरं होतं, हे कुणीतरी मानावं.

मग एका दुपारी हे दुकान अर्धवट बंद करून घरी आले. चपला न काढताच फोन माझ्या नाकासमोर धरला. जर्मनीतल्या मेळ्यात टेबल मांडणाऱ्या कुणा व्यापाऱ्यानं आपल्या मालाचे फोटो इंटरनेटवर टाकले होते. त्यात 'भारत, टांकसाळ माहीत नाही' असा एक रुपया होता.

"पाह्य वं! मासोळी हाय! माही मासोळी!"

मी चष्मा लावून पाहिलं. मला ढेकूळ दिसलं. रविवारी यांनी तो फोटो टपरीवर दाखवला. वकील साहेबांनी पोह्यांवर तर्री ओतत एक नजर टाकली आणि म्हणाले, "आजकाल फोटोत माह्या मांडीवर वाघ बी बसवता येते. नाणं हातात दे, मंग बोलू."

झालं. यांनी त्याच मेळ्यात आपलंही टेबल नोंदवलं. नुसतं पाहायला गेलं तर गिऱ्हाईक, टेबल घेतलं तर व्यापारी, आणि व्यापाऱ्याला व्यापारी दुसऱ्या भावात देतो, असा यांचा हिशोब. टेबलाचे पैसे भरले, ते परत मिळणारे नव्हते. आम्ही दोघांनी व्हिसाला अर्ज केले. मी सोबतीला जाणार होते, थंडी कशी असते ते बघायला.

यांचा व्हिसा नाकारला. कारण दिलं होतं की हा माणूस मायदेशी परत येईल याची खात्री वाटत नाही. जो माणूस वर्ध्याला लग्नाला गेला तरी संध्याकाळी पंगत उठायच्या आत नागपूरच्या गाडीत बसतो, तो जर्मनीत पळून जाईल! मला मात्र व्हिसा मिळाला. मला पेन्शन होती. पेन्शन घ्यायला बाई कुठूनही परत येईल, एवढं व्हिसावाल्यांना कळत होतं.

"सरकारले माह्या बायकोचा भरवसा हाय, माहा नाही," हे म्हणाले आणि दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी उठून म्हणाले, "तूच जा."

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. मला एक आणा म्हणजे किती पैसे तेवढं माहीत.

त्यात मालाची गंमत. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर न्यायला कायद्यानं बंदी. म्हणजे ज्या देशात नांगराच्या फाळाला नाणी लागतात, त्या देशातून मी निघाले ती ॲल्युमिनियमचे दहा पैसे घेऊन. फुलासारख्या कडेचे दहा पैसे, चौकोनी पाच पैसे, सहा कोनांचे वीस पैसे, तीन पैशांचा तो चिमुकला तुकडा. लहानपणी ज्यात बोरं मिळायची, ती सगळी चिल्लर मखमलीच्या तबकांत लावून, विमानतळावर दोनदा उघडून दाखवून, मी युरोपात पोचले.

मेळा एका प्रचंड हॉलमध्ये होता. हिरव्या कापडाची टेबलं, प्रत्येकावर दिवा, आणि सगळीकडे अशी शांतता की आमच्या शाळेत शिक्षणाधिकारी आले तरी कधी झाली नव्हती. माझ्या गळ्यात यांच्या नावाचं ओळखपत्र अडकवलं. वर छापलं होतं 'मिस्टर'. मी म्हटलं, बदलून द्या. नोंदणीच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, नोंदणी बंद झाली. त्यामुळे मेळाभर, साडी नेसून, कुंकू लावून, मी मिस्टर होते. लोक अत्यंत आदरानं मला 'गुड मॉर्निंग, मिस्टर' म्हणत आणि वर बाईला म्हणतात ते 'फ्राऊ'सुद्धा जोडत.

टेबलावर स्टीलच्या डब्याला टेकवून मी फोन उभा केला. फोनमध्ये हे. नागपुरात तेव्हा दुपार झालेली असायची. हे दुकानात बसून, फोन गल्ल्यावर ठेवून, उंटावरून शेळ्या हाकत होते. "दहा पैशाचं तबक पुढे घे. दिवा तिरपा कर. हसू नोको, हसलं की गिऱ्हाईक भाव पाडते." मध्येच यांच्या मागून सीताबर्डीतलं एखादं खरंखुरं गिऱ्हाईक काही विचारायचं आणि हे त्याच्यावर खेकसायचे, "थांबा हो, जर्मनीत धंदा चालू हाय!"

पहिल्या दिवशी बराच वेळ कुणी आलं नाही. मग एक उंच बाई आली आणि तिनं दहा पैशांच्या संचाची किंमत विचारली. मी यांनी पढवलेली सांगितली. ती बाई मान हलवून निघाली.

"थांबव तिले!" फोन ओरडला. आजूबाजूची चार टेबलं दचकली. "बोहनी हाय! बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं पाठवून राहिली काय? ती म्हणन त्या भावात दे!"

हे यांचं जुनं वेड. पुण्याकडे भवानी म्हणतात, आमच्याकडे बोहनी. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक परत गेलं तर यांचा दिवस गेला. पहिल्या गिऱ्हाइकाला हे तोट्यात देतील, पण देतील. बोहनीआधी घरच्यांनासुद्धा सुटे मिळत नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यावरून यांची पुष्कळ टर उडवली होती. पण फोन ओरडत होता, हॉल बघत होता. मी त्या बाईला हाक मारली आणि ती म्हणेल त्या किमतीत संच दिला. मग हात आपोआप कपाळाकडे गेला. नोट डोळ्यांना लावली आणि डब्यात ठेवली. त्या बाईनं विचारलं, हे काय? मी आपल्या शाळेच्या इंग्रजीत समजावलं, की ही बोहनी, दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक आमच्यासाठी शुभ, त्याला आम्ही नाही म्हणत नाही.

हीच चूक झाली.

दुसऱ्या दिवशी दारं उघडताच मी टेबलावर कापड पसरत होते, तर समोर रांग. नीटनेटके, कोट घातलेले, पांढऱ्या केसांचे लोक. सगळ्यांना पहिलं गिऱ्हाईक व्हायचं होतं. पुढच्या दोघांत कोण आधी आलं यावरून हळू आवाजात भांडण जुंपलं होतं. जर्मन मला येत नाही, पण 'बोनी, बोनी' एवढं ऐकू येत होतं. मी वर्ग सांभाळलेली बाई. टाळी वाजवली, बोट ओठांवर ठेवलं, सगळे गप्प. एका हाताचं अंतर ठेवून उभं राहायला सांगितलं, राहिले. पहिल्या क्रमांकावर मी एका गुबगुबीत गृहस्थाला घेतलं. त्यांच्या मागे काटकुळे, कापडी पिशवी घेतलेले एक आजोबा होते. त्यांचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं. पण बोहनी एकच असते.

थोड्या वेळानं काळा कोट घातलेली आयोजक बाई आली. इतर व्यापाऱ्यांनी तक्रार केली होती.

"ही लॉटरी आहे का?" तिनं विचारलं. लॉटरीला वेगळी परवानगी लागते.

"नाही."

"मग धार्मिक विधी?"

"नाही. धंदा आहे."

"पण तुम्ही तोट्यात विकता."

"पहिलंच. म्हणजे पुढचं नफ्यात जातं."

तिनं जरा विचार केला. "आणि पुढचं नफ्यात गेलं नाही तर?"

हे गणित यांचं होतं. मी फोनकडे बोट दाखवलं. फोनमधून यांनी तिला नमस्कार केला. ती गोंधळून यांना वाकून अभिवादन करून गेली, आणि दुपारी दोन माणसांनी माझ्या टेबलासमोर, सिनेमा थिएटरबाहेर असतात तसे, दोरी लावलेले खांब आणून उभे केले. आख्ख्या मेळ्यात दोरी फक्त माझ्या दहा पैशांना होती. दोरी पाहून गर्दी वाढली आणि माल खरंच उठायला लागला.

या सगळ्यात मासोळी कुठे होती? तर समोरच. रस्ता ओलांडावा तशी मधली वाट ओलांडली की मिशीवाल्या एका व्यापाऱ्याचं टेबल होतं, आणि त्याच्या भारताच्या तबकात, कोपऱ्यात, तो रुपया. पहिल्या दिवशी दुपारीच मी गेले होते. त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला, भिंग दिलं. मी दिव्याखाली धरला.

मासोळी होती. चांगली बोटभर वाटावी इतकी स्पष्ट, खवल्यांची, शेपटी डावीकडे वळलेली. आणि दुसऱ्या बाजूला ती अक्षरं, जी यांनी मला कागदावर काढून दिली होती आणि मी विमानात पाठ केली होती. एकूण एक जुळत होती.

मला तिथे, त्या परक्या माणसासमोर, रडू फुटलं. आनंदानं म्हणावं तर तसंही नाही. इतकी वर्षं हा माणूस जेवताना घास थांबवून मला सांगत होता आणि मी 'असेल हो' म्हणत होते. मिशीवाल्याला वाटलं मी किमतीला घाबरले.

किंमत घाबरण्यासारखी होतीच. मी सीताबर्डीच्या पद्धतीनं निम्मी सांगितली आणि पाठ फिरवून चालू पडले. पाठ फिरवली की चार पावलांत 'या ताई, या' अशी हाक येते, हा सृष्टीचा नियम. हाक आली नाही. मी हळू चालले. तरी नाही. चालत चालत आख्ख्या हॉलला वळसा घालून मी परत त्याच्याच टेबलाशी आले, तर तो सफरचंद खात होता. मी थोडी वाढवून पुन्हा निघाले, पुन्हा वळसा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हे चाललं. शेवटी त्यानं मला खुर्ची दिली. त्याला वाटलं मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तोवर दोरीच्या कृपेनं डबा भरला होता. मी पुरती किंमत मोजली, त्यानं मला खूश करायला चिल्लर तेवढी सोडली, आणि रुपया माझा झाला.

मी तो फोनसमोर धरला, तशी यांनी खुर्ची पुढे ओढली. चेहरा इतका जवळ आणला की पडद्यावर नुसता एक डोळा दिसत होता. मग आवाज आला, "पिशवीत नोको टाकू. तिथंच ठेव, माह्या समोर. मले पाहू दे." म्हणून मी तो मखमलीवर, फोनच्या पुढ्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी टेबल लावतानाही पहिलं तेच केलं. हे दुकानात बसून गिऱ्हाइकांकडे पाठ करून, टक लावून मासोळी पाहत होते.

तिसऱ्या दिवशी रांगेत पहिले होते ते कापडी पिशवीवाले काटकुळे आजोबा. आदल्या दिवशी हुकलं म्हणून दारं उघडायच्या आधीपासून बाहेर थंडीत उभे होते. नाक लाल झालं होतं. मला बरं वाटलं, आज याची बोहनी. त्यांनी एकेक तबक पाहिलं. मी मनात म्हणत होते, वीस पैसे घे बाबा, सहा कोनांचे घे, छान असतात. त्यांनी सगळं पाहिलं आणि मग फोनच्या समोर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. फोनमधून हे आणि बाहेरून ते, दोघं एकाच रुपयावर डोळे लावून.

त्यांनी बोट ठेवलं. "हा."

मी म्हटलं, हा विकायचा नाही.

त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं, मग दोरीकडे, मग मागच्या रांगेकडे. अगदी हळू म्हणाले, "बोनी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बोनी." मग आणखी कुणीतरी. समोर मिशीवाला उठून उभा राहिला होता, हाताची घडी घालून. आयोजक बाईसुद्धा कुठूनशी येऊन थांबली. मीच या लोकांना शिकवलं होतं की पहिल्याला आम्ही नाही म्हणत नाही. खोटं नाही सांगत, तो रुपया उचलून कमरेला खोचावा आणि टेबल, दोरी, मिस्टर सगळं टाकून पळावं असं वाटलं.

आजोबांनी तेवढ्यात पिशवीतून एक वही काढून मला दाखवली. वहीत चिकटवलेले नाण्यांचे फोटो. सगळे मासे. नॉर्वेचा मासा, बेटाबेटांवरचे मासे, एका नाण्यावर नुसतं डोकं. हा माणूस फक्त मासे जमवत होता. राजा कोणता, देश कोणता, त्याला घेणं नव्हतं.

"काय म्हणून राहिला थो?" फोनमधून आवाज आला.

"मासोळी मागून राहिला."

"विकायची नाही म्हणून सांगतलं नाही काय तू?"

"सांगितलं."

"मंग?"

"बोहनी म्हणतो."

पडद्यावर यांचा चेहरा थिजला. मला वाटलं नेटवर्क गेलं. पण यांच्या पापण्या हलत होत्या. मागे सीताबर्डीचे हॉर्न वाजत होते.

"टेबलावर मांडली ना आपण," हे म्हणाले. "मांडली म्हंजे विकाले ठेवली. दुकानदार हावो आपण. दे त्याले."

"अहो, वेड लागलं का? या मासोळीसाठी एवढं केलं तुम्ही. वकील साहेबाले काय दाखवसान? तेच लोक पुन्हा हसतीन तुम्हाले."

"तू हातात घेतली ना?"

"घेतली."

"शेपटी कोन्या बाजूले हाय?"

"डावीकडे. वर वळली आहे."

यांनी डोळे मिटले. यांना कन्हानचा सोनार दिसत असणार. "बरोबर," म्हणाले. "दे त्याले वं. बोहनी परत नसते पाठवत."

मी रुपया दिला. घेतला त्याच किमतीत दिला, आणि नोटा डोळ्यांना लावल्या तेव्हा डोळे ओलेच होते. आजोबांनी मला पाहून रुपया स्वतःच्या कपाळाला लावला. रांगेनं टाळ्या वाजवल्या. मी त्यांना पाकिटावर 'नागपूर' लिहायला लावलं, एकेक अक्षर सांगून. त्यांनी ते गिरवलं आणि त्याखाली आपल्या भाषेत मासा असं काहीतरी लिहिलं. मिशीवाल्यानं येऊन माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ हलवला. काय समजून, ते तोच जाणे.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी हे म्हणाले, चल. मी इतक्या वर्षांत त्या टपरीवर गेले नव्हते. बाकावर मंडळी बसलेली होती. वकील साहेबांनी घास तोंडात असतानाच विचारलं, "मंग भाऊ, आणली काय मासोळी?"

"आणली नाही," हे म्हणाले. "विकली."

हसण्याचा असा स्फोट झाला की पोहेवाला कढईवरून डोकं काढून बघायला लागला. "सापडली बी अन् विकली बी! वा रे भाऊ!" एकजण डोळे पुसत होता.

मला राग आवरेना. मी वर्गात उभी राहायची तशी उभी राहिले. "मी पाहिली आहे. या हातात घेतली आहे. मासोळी आहे, शेपटी डावीकडे आहे, आणि रुपया नागपूरचाच आहे."

वकील साहेब माझ्याकडे मोठ्या आदरानं वळले. "वहिनी, तुम्ही तं म्हणसानच. बायकोची साक्ष नवऱ्याच्या बाजूनंच पडते. कोर्टात तिले कोनी धरत नाही."

पुन्हा सगळे हसले. या वेळी माझ्यावर. मी यांच्याकडे पाहिलं. हे दर वेळी तांबडे होतात, भांडतात, प्लेट सोडून उठतात. आज यांनी काहीच केलं नाही. बाकावर सरकून मला जागा केली, एक प्लेट आणखी मागवली आणि माझ्या पोह्यांवर स्वतःच्या हातानं तर्री घातली. लोक हसत होते आणि हे शांतपणे जेवत होते. इतकी वर्षं त्या बाकावर हे एकटेच खोटे ठरत होते. आता आम्ही दोघं होतो.